नळीवरचा पिवळा डाग

यशवंतपूर, बेंगळूरु
३ सप्टेंबर २०२५

त्या सोमवारी मोसंब्यांची पोती तुम्हीच सोडलीत. दबलेली वेगळी काढलीत, देठाकडे काळी पडलेली वेगळी. मी पिंपात पाणी भरलं. तुम्ही बाह्या वर करून एकेक फळ चोळून धुतलंत आणि म्हणालात, "अक्का, यंदा साल जाड आहे, रस कमी पडणार." मग रस काढला, दुहेरी फडक्यातून दोनदा गाळला. साडेसातला यांनी जंतू मारायच्या मशीनचं दार लावलं, दिवे लावले, काट्याकडे बघून "सरी, ठीक आहे" म्हटलं, आणि रस त्या बारीक काचेच्या नळीतून वर चढायला लागला. तुम्ही बाटल्यांची झाकणं आवळत होतात, मी लेबलं चिकटवत होते. नऊच्या आत जे. पी. नगरच्या वृद्धाश्रमाच्या साठ बाटल्या बर्फाच्या पेटीत बसल्या. साधी सकाळ होती, अंबूबाई. मी ती रोज पुन्हा पहिल्यापासून आठवते. तुमच्या हातून काही राहिलं असं मला त्यात एकदाही सापडलेलं नाही.

मोठ्या अक्षरात लिहिते आहे. चष्मा लावायचा तुम्हाला कंटाळा, मला माहीत आहे.

तुम्ही काम सोडून गेलात त्यानंतर चार महिन्यांनी हे वारले. शेडमध्येच, खुर्चीत बसल्या बसल्या. छातीत कळ आली, पाणी मागितलं, मी पाणी आणेपर्यंत संपलं होतं. तुम्हाला कोणी कळवलं नसेल. पीण्या वसाहतीतली आपली शेड आता यांचे धाकटे भाऊ बघतात, दयानंद भावजी. परवाना माझ्या नावावर झाला आहे, म्हणून कागदांवर सही माझी लागते. बाकी कशाला माझी गरज लागते असं त्यांना वाटत नाही.

पत्र लिहायचं कारण वेगळं आहे. काल दुपारी शेडमध्ये संकेश्वरहून फोन आला. मुलींच्या वसतिगृहाच्या अधीक्षक बाई होत्या. स्वयंपाकघरात अंबूबाईंना घ्यायचं चाललंय, तुमच्याकडे बारा वर्षं होत्या म्हणतात, बाई कशा आहेत? फोन भावजींनी घेतला होता, पण बाईंचा आवाज मला ऐकू येत होता. ते म्हणाले, "बाई, खाण्यापिण्याच्या जागी तिला ठेवू नका. तिच्या हयगयीने आमचा रस पिऊन चौदा म्हातारी माणसं आजारी पडली." असं म्हणून त्यांनी फोन ठेवला आणि चहा मागवला.

मी तिथेच उभी होते, हातात मोसंबं होतं. बोलले नाही. तुमच्या बाबतीत मी गप्प राहण्याची ही दुसरी वेळ. तिसरी येणार नाही, एवढं आज लिहून ठेवते.

गुडघा कसा आहे?

शिवलीला


१२ सप्टेंबर

अंबूबाई,

तुमचं उत्तर नाही. उत्तर द्यावं असं मी काही केलेलंही नाही. तरी लिहिते.

वृद्धाश्रम पुन्हा आपला रस घ्यायला तयार आहे. वर्षभरापूर्वी नेमकं काय झालं आणि त्यावर आपण काय केलं हे परवानाधारकाने लिहून द्यावं, एवढी त्यांची अट आहे. भावजींनी कागद टाईप करून आणला. यांनी तेव्हा दिलेल्या पत्रातलंच वाक्य उचललं आहे: "सफाई कामगार श्रीमती अंबूबाई यांच्या हलगर्जीपणामुळे नळी अस्वच्छ राहिली. त्यांना तत्काळ कामावरून कमी करण्यात आले." खाली माझं नाव आणि मोकळी जागा.

"इथे सही करा, वहिनी."

मी म्हटलं, वाचून करते.

"त्यात वाचायचं काय? दादाचंच वाक्य आहे."

मी म्हटलं, हल्ली मी सगळंच वाचते.

ते खोटं नाही. तुम्हाला ठाऊक आहे, मी कानडी शाळेत सातवीपर्यंत. मराठी वाचायला शिकले ती निपाणीच्या दुकानातल्या पुड्यांच्या कागदांवरून. हे गेल्यावर घरात बसून काय करायचं, म्हणून मशीनबरोबर आलेलं यांचं इंग्रजी पुस्तक काढलं. शब्दकोश मांडीवर ठेवून आठवड्याला एक पान होतं. अडलं की कॉलेजातल्या प्रणिताला विचारते. ती वरच्या मजल्यावर राहते आणि मुलांना जंतूंचा विषय शिकवते.

हे नेहमी म्हणायचे, मोसंबी उकळली की काढा होतो. जंतू मारायला विस्तव लागतोच असं नाही, प्रकाशानेही मरतात. कुठे कुठे तर भरलेल्या बाटल्याच पाण्यात घालून इतक्या जोराने दाबतात की आतला जंतू जगत नाही. पण ती यंत्रं केवढी, आपली शेड केवढी. म्हणून यांनी दिव्याचं मशीन घेतलं. आपण दोघी बारा वर्षं त्यापुढे उभ्या राहिलो आणि मला वाटायचं, तो निळा उजेड जंतू मारतो. पुस्तक म्हणतं, जो मारतो तो डोळ्याला दिसतच नाही. निळं दिसतं ते नुसतं त्याच्या सोबतीला येतं. म्हणून उजेड दिसतोय तर काम होतंय असं धरून चालू नका. तो प्रकाश रसात फार आत शिरत नाही, म्हणून नळी इतकी बारीक. साध्या काचेतूनही जात नाही, म्हणून ती महागाची क्वार्ट्झची काच. आणि पुढे ठळक अक्षरांत लिहिलंय: काचेला बाहेरून तेलकट बोट लागलं तरी प्रकाश अडतो. ओल्या फडक्याने ते निघत नाही, स्पिरिटने पुसा.

हे पान मी चार वेळा वाचलं. शब्द अवघड होते म्हणून नाही.

भावजींना आता मशीनच नको आहे. "विकून टाकू वहिनी, मोठं पातेलं घेऊ, ऊन करून भरू. कटकट नको." मी नाही म्हटलं. मशीनचा दोष नव्हता. ज्याचा दोष नव्हता ते सगळं घराबाहेर काढायचं आणि दोष मात्र घरात ठेवायचा, हे मला जमणार नाही.

आज सकाळी शेडच्या माळ्यावर चढले. तुम्ही गेलात त्याच दिवशी यांनी नळी बदलली होती. जुनी तिथेच होती, वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवलेली. हे काही टाकत नसत. मी ती खाली आणली, दारातल्या उन्हात धरली. यांनी तुम्हाला दाखवलेला पिवळा डाग अजून आहे. तो कसला ते मला माहीत आहे.

आज एवढंच. पुढचं लिहायला हात धजत नाही.

शिवलीला


२१ सप्टेंबर

अंबूबाई,

कार्ड मिळालं. "गुडघा बरा आहे. काच मी पुसली होती." एवढंच लिहिलंत. खाली नावही नाही. मी ते आरशाच्या चौकटीत खोचून ठेवलं आहे, येता-जाता दिसेल असं.

तुम्ही पुसली होतीत. आता माझं ऐका.

गेल्या वर्षीच्या आयुधपूजेला, अकरा ऑक्टोबरला, तुम्ही शेडच्या दाराशी रांगोळी काढत होतात. आत मी मोटारीला हळदकुंकू लावलं, रस काढायच्या मशीनला लावलं, सुऱ्यांना, वजनकाट्याला, बाहेर टेम्पोच्या चाकांनाही लावलं. हे आधीच बजावून गेले होते, "काचेला हात लावायचा नाही. तिथे देव नाही, तिथे काच आहे." त्याआधी चार महिने नवीन गिऱ्हाईक एक आलं नव्हतं. माझ्या मनात आलं, जिथे खरं काम होतं तीच जागा पूजेविना राहिली. आमच्या माहेरी मागाची पूजा केली आणि धोटा तसाच ठेवला असं कधी झालं नाही.

मी मशीनचं दार उघडलं. कोरडी हळद काचेवर टिकेना, म्हणून समईतल्या तिळाच्या तेलात कालवली. पिंडीला विभूती लावतात तसे नळीच्या मध्यावर तीन बोटांचे तीन पट्टे ओढले. मधोमध कुंकू लावलं. हात जोडले. तेवढ्यात यांच्या स्कूटरचा आवाज आला, म्हणून पदराने सगळं घाईघाईने पुसून काढलं. रंग गेला. काच स्वच्छ दिसत होती. दार लावलं आणि प्रसादाचं ताट घेऊन बाहेर आले. तुम्हीच पहिला पेढा उचललात.

रंग गेला, तेल राहिलं. दहा दिवस त्या दिव्यांसमोर ते भाजत गेलं आणि पिवळं पडत गेलं. उजेड मोजणारा काटा आहे खालच्या टोकाला, मध्यावरचं त्याला कळणार कसं? म्हणून हे रोज "सरी" म्हणत राहिले. तुम्ही आत कॉस्टिक सोड्याचं पाणी सोडून, मग साधं पाणी सोडून नळी धुतलीत, बाहेरून ओल्या फडक्याने पुसलीत. पिवळट दिसतंय म्हणून दोनदा पुसली, असं तुम्ही त्या दिवशी यांना म्हणालातही. यांना ते बहाण्यासारखं वाटलं. स्पिरिटने पुसायचं काम यांचं होतं, महिन्याच्या एक तारखेला. एक तारीख यायची होती.

मंगळवारी दुपारी वृद्धाश्रमाचा फोन आला. चौदा जणांना रात्रभर जुलाब, दोघांना सलाईन. यांनी दार उघडून काच पाहिली आणि तुम्हाला हाक मारली. तुम्ही नुकताच डबा उघडला होता. "हा रस वाळलाय काचेवर. बारा वर्षं हेच केलंस का?" यांनी बारा वर्षांत तुम्हाला अगंतुगं केलं नव्हतं. तुम्ही माझ्याकडे बघितलंत. फार वेळ नाही, पण बघितलंत.

मला तेव्हाच कळलं होतं. शंका नव्हे, कळलं होतं. तीन पट्टे होते, अंबूबाई. गळलेला रस सरळ खाली ओघळतो, तो आडवे तीन पट्टे कशाला पाडील? यांनी रागात पाहिलं नाही. मी पाहिलं. आणि मी लेबलांचा गठ्ठा हातात घेऊन उभी राहिले.

तुम्ही डबा तसाच बंद केलात आणि चालत बसस्टॉपवर गेलात.

यांना मी कधीच सांगितलं नाही. उद्या सांगू, दिवाळीनंतर सांगू, असं चाललं होतं. मग सांगायला माणूसच उरला नाही. रोज सकाळी दोन कप चहा टाकते, एक ओतून देते, तेव्हा रोज सांगते. त्याचा उपयोग नाही हे मला समजतं.

मला माफ करा असं मी लिहिणार नाही. तुम्ही माफ केलंत तर मला मोकळं वाटेल आणि मी तिथेच थांबेन. थांबायचं नाही.

शिवलीला


४ ऑक्टोबर

अंबूबाई,

मागच्या पत्रात लिहिलं ते सगळं मी त्याच संध्याकाळी दयानंद भावजींना सांगितलं. त्यांनी डोक्याला हात लावला. "वहिनी, दादा गेल्यापासून तुमच्या मनावर परिणाम झालाय. हळदीने कुठे माणसं आजारी पडतात?"

मी म्हटलं, हळदीने नाही, तेलाने प्रकाश अडला म्हणून. ते सोडा, माझं ऐकायचं नसेल तर तपासून बघू.

दुसऱ्याच दिवशी मी सकाळी मोसंबीचा रस काढला, गाळला, थोडा तसाच बाटलीत भरला. थोडा नव्या नळीतून काढला. मग मशीन बंद करून माळ्यावरून आणलेली जुनी नळी बसवली. त्यातून तिसरी बाटली भरली. तिन्हींवर चिठ्ठ्या लावून बर्फातून प्रणिताच्या कॉलेजात नेल्या. ती म्हणाली, "मावशी, यातली कुठली कशी ते मला सांगू नका. नाहीतर माझे डोळे तुमच्या बाजूचे होतील." म्हणून नुसते आकडे लिहिले, एक, दोन, तीन.

दोन दिवसांनी तिने बोलावलं. काचेच्या बशा टेबलावर मांडल्या होत्या. जंतू वाढला की बशीत ठिपका उठतो. पहिल्या बशीत ठिपके मोजता येईनात. दुसरीत चार होते. तिसरीत पहिलीपेक्षा कमी, पण गच्च.

"ही दुसरी चांगली," ती म्हणाली. "बाकी दोन्ही मी कोणाला पिऊ देणार नाही. तिसरीला काय झालंय?"

"तिसरीला माझी पूजा झाली आहे," मी म्हटलं.

ती हसली आणि मग माझ्याकडे बघून थांबली. नंतर तिने शेडवर येऊन जुनी नळी स्पिरिटने घासघासून पुसली, मी पुन्हा रस काढला, पुन्हा बशा ठेवल्या. या वेळी सहा ठिपके. तिने सगळं कॉलेजच्या कागदावर लिहून सही करून दिली.

तो कागद मी भावजींपुढे ठेवला. त्यांनी वाचला. मी खोटी नाही हे त्यांना पटलं. मग ते जास्तच रागावले.

"मेलेल्या माणसाला खोटं पाडणार तुम्ही?"

"माणसाला नाही, त्या वाक्याला."

"ते वाक्य दादाच्या सहीचं आहे. लोक म्हणतील, दादाला स्वतःच्या मशीनवरचा डाग ओळखता आला नाही."

"नाहीच आला."

"आणि तुमचं नाव? बायकोने तेल फासलं म्हणून म्हातारे आजारी पडले, हे साऱ्या पीण्या वसाहतीत होईल. वृद्धाश्रम हातचा जाईल. एका मोलकरणीसाठी?"

मी म्हटलं, "भावजी, तिला मोलकरीण म्हणायची ही शेवटची वेळ. चौदा माणसं माझ्या हाताने आजारी पडली आणि वर्षभर ती तिच्या नावावर आहेत. तुमच्या भावाची अब्रू माझीही आहे. तिच्यात अंबूबाईंची अब्रू कालवून मी ती घट्ट करणार नाही."

त्यांनी टाईप केलेला कागद माझ्यासमोर सरकवला. मी तो उलटा केला आणि मागच्या कोऱ्या बाजूवर हाताने लिहिलं. काय झालं, कोणी केलं, कोणाला उगाच काढलं. सही केली. ते उठून गेले.

या एक तारखेला आयुधपूजा होती. सकाळी भावजींचा फोन: "यंदा पूजेला मी अंजलीला पाठवतो. तुम्ही... म्हणजे लोक काय म्हणतात ते तुम्हाला ठाऊक आहे." अंजली त्यांची बायको, बिचारी गरीब आहे. मी म्हटलं, अंजलीला प्रसादाला पाठवा. माझ्या कपाळावर काय असावं ते सगळ्यांनी मिळून ठरवलं, मशीनच्या कपाळावर काय असावं ते मी ठरवीन. मोटारीला लावलं, सुऱ्यांना लावलं, टेम्पोला लावलं. नळीपुढच्या दाराला कुलूप घालून किल्ली कमरेला खोचली होती. देवावर माझा राग नाही. माझ्या बोटांवर आहे.

दसऱ्याच्या दिवशी मी दोन बस बदलून जे. पी. नगरला गेले. मॅनेजरना म्हटलं, त्या चौदांपैकी जे आहेत त्यांच्यासमोर वाचायचं आहे. ते म्हणाले, गरज नाही, कागद ठेवून जा. मी म्हटलं, गरज मला आहे. जेवणाच्या खोलीत अकरा जण आले. दोघे मुलांकडे गेलेत, एक आजोबा उन्हाळ्यात वारले, त्याचा रसाशी संबंध नाही, मी विचारून घेतलं. मी मराठीत लिहिलेलं होतं, ते कानडीत सांगत गेले. कुठे अडले नाही. तीन पट्टे म्हणताना तीन बोटं वर केली.

मग एक निवृत्त शिक्षिका, त्यांना सलाईन लावलं होतं त्या, म्हणाल्या, "म्हणजे आम्हाला प्रसाद बाधला म्हणायचा." दोघे-तिघे हसले. एक आजोबा हसले नाहीत. ते म्हणाले, "मला आठ दिवस उठता येत नव्हतं, अम्मा. त्यात हसण्यासारखं काही नाही." मी म्हटलं, नाही, नाहीच. त्यांनी विचारलं, "आणि ज्या बाईला काढलं, ती कुठे आहे?" तिथे जमलेल्या माणसांत हे विचारणारे ते एकटेच.

मॅनेजरनी जुनं पत्र फायलीतून काढलं, त्यावर लाल शाईने "हे चुकीचे" असं लिहिलं आणि माझा कागद त्याला टाचला. रस घेणार नाहीत. आणखी सहा महिने दर आठवड्याचे तपासणीचे कागद पाठवा, मग बघू, असं म्हणाले. सरी. पाठवीन.

घरी आले तर भावजींनी शेडची त्यांच्याकडची किल्ली अंजलीच्या हाती पाठवून दिली होती. अंजली दारात उभी राहून म्हणाली, "वहिनी, ते आता येणार नाहीत म्हणतात." मी म्हटलं, चहा घे. तिने घेतला. माझ्या नादात दोन कप टाकले होते, दुसरा वाया गेला नाही.

जागा तुमची आहे, हे मी लिहीत नाही, कारण तुम्ही परत याल असं मी धरून चाललेली नाही. तुम्ही संकेश्वरात राहावं, तुमच्या मुलीजवळ, हेच बरं. त्यासाठी तुमचं नाव तुमच्याकडे असलं पाहिजे.

त्या रात्री मी झोपले, नीट झोपले.

दुसऱ्या दिवशी, शुक्रवारी, सकाळी दहा वाजता मी संकेश्वरच्या वसतिगृहाला फोन लावला, अधीक्षक बाईंना माझं पूर्ण नाव सांगितलं, आणि ती चौदा माणसं तुमच्यामुळे नव्हे, माझ्यामुळे आजारी पडली हे सांगितलं.